लेन्सचे कॅलिब्रेशन व ऑटोफोकसची अचूकता : पनवेल परिसरातील पक्षी-छायाचित्रणाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

डीएसएलआर कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र अपेक्षित ठिकाणी स्पष्ट न येता त्याच्या थोडे पुढे अथवा मागे स्पष्ट येणे, ही अनेक छायाचित्रकारांची तक्रार असते. अशा वेळी लेन्स सदोष आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रस्तुत लेखात ऑटोफोकसच्या यंत्रणेचे स्वरूप, त्रुटीची उगमस्थाने, ती मोजण्याची पद्धती आणि कॅलिब्रेशनच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. ही त्रुटी बहुधा एकट्या लेन्सची वा एकट्या कॅमेऱ्याची नसून त्या दोहोंच्या जोडीची असते, आणि ती सातत्याने एकाच दिशेला होत असेल तरच कॅलिब्रेशनने दूर होऊ शकते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ऑटोफोकस, कॅलिब्रेशन, फ्रंट फोकस, बॅक फोकस, डेप्थ ऑफ फील्ड, पक्षी-छायाचित्रण, कर्नाळा.

१. प्रस्तावना

विचुंबे हे नवीन पनवेललगतचे, गाढी नदीच्या काठचे गाव. येथून थोड्याच अंतरावर, मुंबई-गोवा महामार्गाच्या दुतर्फा, १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. या सान्निध्यामुळे परिसरातील अनेक विद्यार्थी, शिक्षक व हौशी निसर्गप्रेमी पक्षी-छायाचित्रणाकडे वळलेले दिसतात. त्याचबरोबर लग्नसमारंभाच्या छायाचित्रणावर उपजीविका करणारे तरुणही या पट्ट्यात मोठ्या संख्येने आहेत.

मिररलेस कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यापासून जुने डीएसएलआर कॅमेरे व त्यांच्या लेन्स वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात तुलनेने स्वस्त मिळू लागल्या आहेत. कॅनन व निकॉन या दोन प्रमुख कंपन्यांनी २०२० नंतर नवी डीएसएलआर बाजारात आणलेली नाही. परिणामी बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेऊन संच जमविण्याची रीत विद्यार्थ्यांत रूढ झाली आहे. अशा जमवलेल्या जोड्यांत ऑटोफोकसची त्रुटी आढळण्याचा संभव अधिक असतो. त्रुटीचे स्वरूप ठाऊक नसल्यास चांगली लेन्स नाममात्र किमतीस विकली जाते अथवा दुरुस्तीवर विनाकारण खर्च होतो. पक्षी-छायाचित्रणात तर उपकरणाचा दोष न ओळखता पक्ष्याच्या अधिकाधिक जवळ जाण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत पक्ष्याला मोजावी लागते. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय मांडणी आवश्यक वाटते.

२. ऑटोफोकसची वाटचाल

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणून कोनिका कंपनीच्या सी३५ एएफ (१९७७) या कॅमेऱ्याचा उल्लेख केला जातो. एसएलआर प्रकारात १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ऑटोफोकसची संपूर्ण यंत्रणा बॉडीत सामावून घेतली व तो व्यापारीदृष्ट्या यशस्वी ठरला. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका सुरू केली. तीत फोकसची मोटर प्रत्येक लेन्समध्येच बसविलेली होती.

फिल्मच्या काळात फोकसमधील बारीक चुका सहसा लक्षात येत नसत. बहुतेक छायाचित्रे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापली जात आणि तेवढ्या आकारात थोडी अस्पष्टता डोळ्यांना जाणवत नसे. डिजिटल कॅमेऱ्याने ही परिस्थिती पालटली. संगणकाच्या पडद्यावर छायाचित्र मूळ आकारात उघडून पक्ष्याच्या डोळ्यातील चमक वा पिसांची वीण तपासण्याची सवय लागली आणि पूर्वी झाकून राहणारी त्रुटी उघडी पडली. २००७ साली कॅननने ईओएस-१डी मार्क ३ या कॅमेऱ्यात आणि निकॉनने डी३ व डी३०० या कॅमेऱ्यांत वापरकर्त्याला स्वतः फोकसची सूक्ष्म जुळवणी करण्याची सोय दिली. कॅनन तिला ‘एएफ मायक्रोॲडजस्टमेंट’ म्हणते, तर निकॉन ‘एएफ फाइन-ट्यून’. दोन्हींत उणे २० पासून अधिक २० पर्यंत मूल्य देता येते. पुढे पेंटॅक्स व सोनी यांनीही आपल्या काही कॅमेऱ्यांत अशीच सोय केली.

३. त्रुटी कोठे निर्माण होते?

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश प्रथम ४५ अंशांत कललेल्या मुख्य आरशावर पडतो. त्यातील बराचसा प्रकाश वर परावर्तित होऊन व्ह्यूफाइंडरकडे जातो. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार झालेला प्रकाश मागील लहान उपआरशावर पडून बॉडीच्या तळाशी असलेल्या ऑटोफोकस संवेदकाकडे वळतो. हा संवेदक लेन्सच्या परस्परविरुद्ध कडांमधून आलेल्या दोन किरणपुंजांच्या प्रतिमा ताडून पाहतो. दोन्ही प्रतिमांतील अंतरावरून फोकस किती चुकला आहे आणि कोणत्या दिशेला चुकला आहे, या दोन्ही गोष्टी त्याला एका क्षणात कळतात. या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात. तिचा वेग हे तिचे बलस्थान होय.

मात्र या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. फोकस मोजणारा संवेदक व छायाचित्र टिपणारा संवेदक हे दोन भिन्न घटक आहेत. लेन्सच्या बैठकीपासून या दोहोंपर्यंतचे प्रकाशाचे अंतर तंतोतंत सारखे असेल, तरच एकाने ठरविलेला फोकस दुसऱ्यावर बरोबर उतरेल. कॅननच्या ईएफ बैठकीपासून प्रतिमा-संवेदकापर्यंतचे अंतर ४४ मिमी, तर निकॉनच्या एफ बैठकीचे ४६.५ मिमी आहे. उपआरशाचा कोन, ऑटोफोकस संवेदकाची उंची अथवा बैठकीची कडी यांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका फरक पडला तरी त्याचा परिणाम छायाचित्रात दिसू शकतो.

दुसरी बाजू लेन्सची. ऑटोफोकस संवेदकाने दिलेल्या मापानुसार लेन्समधील मोटर भिंगांचा गट ठरावीक अंतराने सरकवते. लेन्सच्या प्रत्येक नगात भिंगांची बैठक, मोटरची हालचाल आणि गोलीय विपथन यांत किंचित फरक असतो. भिंगे सरकल्यावर फोकस प्रत्यक्ष प्रतिमा-संवेदकावर बरोबर आला की नाही, याची खातरजमा व्ह्यूफाइंडरमधून छायाचित्र घेताना होत नाही.

याउलट लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचललेला असतो आणि फोकस प्रतिमा-संवेदकावरील प्रतिमेवरूनच ठरविला जातो. अनेक कॅमेऱ्यांत त्यासाठी कॉन्ट्रास्ट डिटेक्शन ही पद्धत असते. प्रतिमेतील कडांचा उठाव सर्वाधिक होईपर्यंत लेन्स पुढे-मागे केली जाते. ही पद्धत संथ असली तरी तीत मोजणारा व टिपणारा संवेदक एकच असल्याने वर सांगितलेला अंतराचा दोष संभवत नाही. म्हणून त्रुटी मोजताना लाइव्ह व्ह्यूचा फोकस हेच प्रमाण मानता येते.

४. किती त्रुटी म्हणजे मोठी त्रुटी?

या प्रश्नाचे उत्तर डेप्थ ऑफ फील्डवर, म्हणजे विषयाच्या पुढेमागे ज्या मर्यादेत प्रतिमा स्पष्ट भासते त्या खोलीवर, अवलंबून असते. कर्नाळ्याच्या संदर्भात याचे उत्तम उदाहरण म्हणजे तिबोटी खंड्या. पावसाळ्याच्या प्रारंभी कोकणच्या जंगलात विणीसाठी येणारा हा पक्षी जेमतेम १३ सेंमी लांबीचा असतो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बोगद्यासारखे घरटे करतो. तो दिसतो तो काळ ढगाळ असतो, जागा दाट झाडीतील असते; त्यामुळे प्रकाश अपुरा असतो. छायाचित्रकाराला लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे लागते आणि त्या प्रमाणात स्पष्टतेची खोली कमी होते.

समजा, एपीएस-सी संवेदकाच्या कॅमेऱ्याला ४०० मिमी लेन्स जोडली आहे, छिद्र एफ/५.६ आहे आणि पक्षी ८ मीटर अंतरावर आहे. अस्पष्टतेच्या वर्तुळाची कमाल मर्यादा ०.०२ मिमी धरल्यास स्पष्टतेची एकूण खोली सुमारे साडेआठ सेंमी भरते. म्हणजे फोकसबिंदूच्या पुढे व मागे प्रत्येकी सुमारे सव्वाचार सेंमी. आता फोकस ५ सेंमी पुढे पडत असेल, तर पक्ष्याच्या पुढची फांदी रेखीव येईल आणि डोळा मर्यादेबाहेर जाईल. विषयाकडील ही ५ सेंमीची चूक कॅमेऱ्यातील प्रतिमेच्या बाजूला केवळ ०.१४ मिमी इतकी असते. जाड कागदाच्या जाडीएवढ्या या फरकाने चांगल्या नोंदीचे छायाचित्र निरुपयोगी ठरते.

लग्नमंडपातील उदाहरण याहून बोलके आहे. ८५ मिमी लेन्स, छिद्र एफ/१.८ आणि २ मीटर अंतर असताना त्याच मर्यादेनुसार स्पष्टतेची एकूण खोली ४ सेंमीहून थोडी कमी असते. फोकस ३ सेंमी मागे गेला तर वधूच्या पापण्या अस्पष्ट होऊन कानातील डूल स्पष्ट येते. मंगलाष्टके संपल्यानंतरचा क्षण पुन्हा घडविता येत नाही. व्यावसायिकाच्या दृष्टीने ही चूक केवळ तांत्रिक राहत नाही.

वरील गणितात धरलेली ०.०२ मिमीची मर्यादा मध्यम आकाराच्या छापील चित्रासाठी योग्य आहे. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी संवेदकावर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००४ मिमी असते. म्हणजे ही मर्यादा पाच पिक्सेलांएवढी आहे. पडद्यावर मूळ आकारात पाहणाऱ्याला याहून लहान चूकही जाणवेल, हे ध्यानात घ्यावयास हवे.

५. पासंग आणि डगमगती दांडी

मोजमापशास्त्रात त्रुटीचे दोन प्रकार मानले जातात : पद्धतशीर व यादृच्छिक. हा भेद वाण्याच्या तराजूवरून सहज स्पष्ट होतो. तराजूला पासंग असेल, म्हणजे एक पारडे मुळातच किंचित जड असेल, तर प्रत्येक वजन त्याच दिशेला आणि तेवढेच चुकते. हलक्या पारड्याला छोटासा तुकडा बांधला की पासंग निघतो. परंतु तराजूची दांडीच डगमगत असेल, तर वजन कधी जास्त तर कधी कमी भरते. तेथे कोणताही तुकडा बांधून उपयोग होत नाही. लेन्सचे कॅलिब्रेशन म्हणजे पासंग काढणे होय. डगमगणाऱ्या दांडीवरचा तो उपाय नव्हे.

विवेचनासाठी दोन काल्पनिक लेन्स घेऊ. प्रत्येकीने एकाच लक्ष्याची दहा छायाचित्रे घेतली आणि फोकस लक्ष्यापासून किती मिलिमीटर पुढे (उणे) वा मागे (अधिक) पडला, हे नोंदले.

पहिली लेन्स : -३२, -२८, -३५, -३०, -२९, -३३, -२७, -३१, -३०, -२५.
दुसरी लेन्स : -४५, +२०, -१०, -६०, +१५, -५०, +५, -७०, -८०, -२५.

दोन्हींची सरासरी -३० मिमी आहे. केवळ सरासरी पाहणारा दोघींना एकच उपाय सुचवील. परंतु पहिल्या लेन्सची सर्व निरीक्षणे १० मिमीच्या पट्ट्यात एकवटलेली आहेत. तिला योग्य मूल्य दिले की फोकस लक्ष्यावर येईल. दुसरीची निरीक्षणे १०० मिमीच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत. तिला तेच मूल्य दिले तर विखुरलेपण जसेच्या तसे राहून फक्त त्याचा मध्य सरकेल. या दुसऱ्या प्रकारात मोटर, तिपाई, प्रकाश, लक्ष्याची निवड वा उपआरशाची यंत्रणा यांकडे पाहावे लागते. एकच छायाचित्र घेऊन मूल्य ठरविणे का चुकीचे आहे, हेही यावरून स्पष्ट होते.

या संदर्भात ईओएस-१डी मार्क ३ चे उदाहरण उद्बोधक आहे. सूक्ष्म जुळवणीची सोय देणाऱ्या याच कॅमेऱ्याच्या काही नगांत ऑटोफोकस अस्थिर असल्याच्या तक्रारी आल्या आणि २००७ सालीच कंपनीने उपआरशाच्या यंत्रणेची दुरुस्ती जाहीर केली. जुळवणीचे मूल्य बदलण्याची सोय हाताशी असूनही अस्थिरतेवर यांत्रिक दुरुस्तीच करावी लागली.

६. दोष कोणाचा : लेन्सचा की बॉडीचा?

बॉडीची त्रुटी आणि लेन्सची त्रुटी यांची बेरीज छायाचित्रात दिसते. समजा, एका बॉडीचा कल फोकस पुढे पाडण्याचा आहे आणि एका लेन्सचा कल तेवढाच मागे पाडण्याचा आहे. ही जोडी एकत्र असता फोकस नेमका येईल. हीच लेन्स मागे पाडणाऱ्या दुसऱ्या बॉडीला जोडली की त्रुटी दुप्पट होईल. विकणारा म्हणेल लेन्स उत्तम होती आणि घेणारा म्हणेल लेन्स खराब आहे. दोघांचेही निरीक्षण खरे असेल. वापरलेल्या वस्तूंच्या व्यवहारात होणाऱ्या कित्येक वादांचे मूळ येथे असू शकते.

निदानाची पद्धत साधी आहे. एका बॉडीवर निदान तीन लेन्स तपासाव्यात. तिन्हींत फोकस एकाच दिशेला चुकत असेल, तर दोष बहुधा बॉडीचा असतो आणि अशा वेळी सर्व लेन्सना एकच मूल्य देण्याची सोय वापरता येते. एकीतच चूक असेल तर त्या लेन्सपुरते मूल्य द्यावे. महाविद्यालयाचा छायाचित्रण मंडळासारखा गट असेल, तर एकमेकांची साधने घेऊन ही तपासणी एका दुपारी पूर्ण होऊ शकते.

७. चाचणीची पद्धती

ही चाचणी प्रयोगशाळेतच करावी लागते असे नाही. घराच्या ओटीवर अथवा वारा नसलेल्या गच्चीवर, दिवसाच्या उजेडात, ती करता येते. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) लक्ष्य : ठळक काळ्या-पांढऱ्या रेषांचा छापील कागद सपाट पुठ्ठ्यावर चिकटवून तो संवेदकाला समांतर उभा करावा. त्याच्या शेजारी ४५ अंशांत कललेली मोजपट्टी अशी ठेवावी की तिचा शून्याचा आकडा लक्ष्याच्याच प्रतलात येईल. केवळ कललेल्या पट्टीवर फोकस करणे योग्य नाही. ऑटोफोकस संवेदकाचे क्षेत्र व्ह्यूफाइंडरमधील चौकटीपेक्षा मोठे असते आणि तो पट्टीवरील दुसऱ्याच आकड्याला धरू शकतो. ४५ अंशांतील पट्टीवरचे वाचन ०.७ ने गुणले असता प्रत्यक्ष खोलीचे अंतर मिळते.

(२) अंतर : नाभीय अंतराच्या सुमारे ५० पट अंतर ठेवावे. ५० मिमी लेन्ससाठी ते अडीच मीटर, तर ४०० मिमी लेन्ससाठी २० मीटर येते. मात्र आपण ज्या अंतरावरून प्रत्यक्ष छायाचित्रण करतो, त्या अंतरावरही पडताळा घेणे हितावह असते.

(३) कॅमेऱ्याची मांडणी : भक्कम तिपाई, मधला फोकसबिंदू, एकवेळ फोकसची पद्धत, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे, स्थिरीकरण बंद आणि सेल्फ टायमर अथवा रिमोट. प्रकाश शक्यतो दिवसाचा असावा; पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात फोकसचे मापन किंचित बदलू शकते.

(४) प्रमाण छायाचित्र : लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा मोठी करून फोकस करावा व दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत.

(५) निरीक्षणे : नंतर व्ह्यूफाइंडरमधून किमान दहा छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक छायाचित्रापूर्वी फोकसची कडी हाताने फिरवून फोकस बिघडवावा. पाच वेळा अनंताच्या बाजूने व पाच वेळा जवळच्या बाजूने.

(६) मूल्य देणे : निरीक्षणे एकवटलेली असतील आणि फोकस पुढे पडत असेल, तर अधिक मूल्य द्यावे, मागे पडत असेल तर उणे. प्रथम ५ च्या टप्प्याने, नंतर १ वा २ च्या टप्प्याने बदल करून प्रत्येक वेळी पुन्हा छायाचित्रे घ्यावीत.

ही मूल्ये मिलिमीटरमध्ये नसतात, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. एका टप्प्याने फोकस किती सरकेल, हे लेन्सच्या कमाल छिद्रानुसार बदलते. म्हणून एका लेन्सला दिलेले ‘अधिक ६’ दुसऱ्या लेन्सला लावता येत नाही, आणि मित्राच्या कॅमेऱ्यातील मूल्य आपल्या कॅमेऱ्यात उतरवून घेण्यातही अर्थ नाही. २०१६ साली आलेल्या निकॉनच्या डी५ व डी५०० या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूशी तुलना करून मूल्य आपोआप ठरविण्याची सोय आहे. तरीही ती क्रिया अनेकदा करून येणाऱ्या मूल्यांतील एकसारखेपणा पाहणे इष्ट होय.

८. कॅलिब्रेशनच्या मर्यादा

प्रथम मर्यादा झूम लेन्सची. ७० मिमीला नेमका येणारा फोकस ३०० मिमीला चुकू शकतो. आरंभीच्या कॅमेऱ्यांत संपूर्ण लेन्सला एकच मूल्य देता येत असे. कॅननच्या ५डी मार्क ३ (२०१२) सारख्या कॅमेऱ्यांत झूमच्या दोन टोकांना स्वतंत्र मूल्ये देण्याची सोय झाली. एकच मूल्य देता येत असल्यास ज्या टोकाला अधिक काम होते, ते टोक प्रमाण धरावे. पक्षी-छायाचित्रणात ते बहुधा लांब पल्ल्याचे असते.

दुसरी मर्यादा अंतराची. जवळच्या अंतरावर केलेली जुळवणी दूरच्या विषयाला लागू पडेलच असे नाही. सिग्मा कंपनीने २०१३ साली आणलेल्या यूएसबी डॉकद्वारे तिच्या काही लेन्समध्येच वेगवेगळ्या अंतरांसाठी स्वतंत्र मूल्ये नोंदविता येतात. झूम लेन्समध्ये चार नाभीय अंतरे व चार विषयांतरे मिळून १६ मूल्ये देता येतात. टॅमरॉन कंपनीचे टॅप-इन कन्सोल (२०१६) हे उपकरणही याच जातीचे आहे.

तिसरी मर्यादा कॅमेऱ्याच्या श्रेणीची. विद्यार्थ्यांच्या हाती सर्वाधिक असलेल्या प्रवेशश्रेणीतील डीएसएलआर कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ निकॉनच्या डी३५०० व डी५६०० किंवा कॅननच्या १५००डी मध्ये, सूक्ष्म जुळवणीची सोयच नाही. कॅननने तर ५०डी मध्ये दिलेली ही सोय ६०डी (२०१०) मधून वगळली आणि ७०डी (२०१३) मध्ये पुन्हा आणली. अशा कॅमेऱ्याच्या वापरकर्त्याने स्थिर विषयासाठी लाइव्ह व्ह्यूचा वापर करावा, प्रकाश पुरेसा असल्यास छिद्र एक-दोन टप्पे लहान करावे, आणि त्रुटी मोठी असल्यास लेन्स व बॉडी दोन्ही एकत्र दुरुस्ती केंद्राकडे द्यावीत. एकटी लेन्स दिली तर ती तेथील प्रमाण बॉडीवर निर्दोष ठरून परत येण्याची शक्यता असते.

चौथी मर्यादा अशी की, प्रत्येक अस्पष्टता ही फोकसची त्रुटी नसते. शटरचा वेग कमी असल्याने आलेली हालचाल, सरकलेल्या भिंगामुळे चित्राच्या एकाच बाजूला येणारा मऊपणा, दूरवरच्या दृश्यात तापलेल्या हवेने येणारी थरथर यांवर कॅलिब्रेशनचा काही परिणाम होत नाही. कोकणच्या दमट हवेत लेन्सच्या आत धरणारी बुरशी हा तर नेहमीचा त्रास आहे. बुरशीमुळे संपूर्ण चित्राचा उठाव कमी होतो. फोकस-त्रुटीत मात्र चित्रात कोठेतरी, विषयाच्या पुढे वा मागे, एक रेखीव प्रतल सापडते. चित्रात असे रेखीव प्रतल शोधणे ही निदानाची पहिली पायरी होय. उडत्या पक्ष्याच्या बाबतीत चुकणारा फोकस हाही बहुतांशी पाठलागाचा प्रश्न असतो. त्यावरून मूल्य ठरवू नये.

९. मिररलेस कॅमेऱ्यांचा संदर्भ

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा व उपआरसा नसतो आणि फोकसचे मापन प्रतिमा-संवेदकावरच होते. कॅननने ७०डी मध्ये आणलेल्या ड्युअल पिक्सेल पद्धतीसारख्या तंत्रांनी फेज डिटेक्शनचा वेगही प्रतिमा-संवेदकावरच उपलब्ध करून दिला. त्यामुळे दोन संवेदकांच्या अंतरातील फरक हे त्रुटीचे मुख्य कारण नाहीसे झाले. तथापि लेन्सचे विपथन व मोटरची हालचाल हे घटक कायम आहेत. निकॉनने आपल्या झेड मालिकेतील कॅमेऱ्यांतही फाइन-ट्यूनची सोय ठेवली आहे. शिवाय मिररलेस कॅमेऱ्याने पक्ष्याऐवजी पुढची काडी पकडली, तर तो निवडीचा दोष आहे, अंशशोधनाचा नव्हे. तंत्र बदलले तरी मोजल्याशिवाय निदान करू नये, हे तत्त्व बदलत नाही.

१०. पक्षी-छायाचित्रणातील जबाबदारी

पक्ष्याचे छायाचित्र ही अनेकदा वैज्ञानिक नोंद असते. साम्य असलेल्या जातींतील फरक, पिसांची अवस्था, पायातील कडीवरचा क्रमांक यांसाठी चित्र रेखीव असणे आवश्यक असते. परंतु चित्र अस्पष्ट येते म्हणून आणखी दहा पावले पुढे सरकणे, घरट्यासमोर तासन् तास थांबणे, फ्लॅशचा मारा करणे, हे उपाय नव्हेत. तिबोटी खंड्यासारखा पक्षी विणीच्या काळात पिलांसाठी सतत बोगद्यात ये-जा करीत असतो. समोर माणसे उभी राहिली तर तो चोचीत भक्ष्य धरून दूर थांबून राहतो आणि पिले उपाशी राहतात. घरट्याजवळचे छायाचित्रण टाळणे हेच श्रेयस्कर होय. ज्याने पावसाळ्यापूर्वीच आपली लेन्स ओटीवर बसून तपासून ठेवली आहे, तो जंगलात दुरून घेतलेल्या थोड्या छायाचित्रांवर विश्वास ठेवू शकतो.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ऑटोफोकसची त्रुटी ही बहुधा बॉडी व लेन्स यांच्या जोडीची असते. म्हणून एका बॉडीवरील अनुभवावरून लेन्स सदोष ठरवू नये.

(२) कॅलिब्रेशनपूर्वी किमान दहा निरीक्षणे घेऊन त्रुटी एकवटलेली आहे की विखुरलेली, हे पाहणे अनिवार्य आहे. विखुरलेल्या त्रुटीवर कॅलिब्रेशन हा उपाय नाही.

(३) लाइव्ह व्ह्यूशी तुलना ही कोणत्याही महागड्या साधनाविना करता येणारी विश्वसनीय चाचणी आहे.

(४) वापरलेली लेन्स घेताना ती आपल्याच बॉडीवर तपासावी, आणि आपल्या बॉडीत सूक्ष्म जुळवणीची सोय आहे की नाही, हे आधी पाहावे.

(५) महाविद्यालयांतील छायाचित्रण व निसर्ग मंडळांनी ही चाचणी वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, सामूहिकरीत्या घ्यावी. त्यातून साधनांची पारख होईल, आणि विद्यार्थ्यांना सरासरी व विचलन या सांख्यिकीतील संकल्पनांचा प्रत्यक्ष परिचयही घडेल.